धर्मशाळेची किल्ली



शताब्दीच्या स्मरणिकेत दिंडीचा इतिहास आम्ही लिहावा असं बैठकीत ठरलं, तेव्हा काम सोपं वाटलं होतं. जुन्या वह्या काढायच्या, वडीलधाऱ्या माउलींना विचारायचं, कोणत्या साली वीणा कोणाकडे होती, तंबू कोणी दिला, बैलगाडी जाऊन ट्रक केव्हा आला, हे क्रमानं मांडायचं. तसं ते दुसऱ्या लेखात मांडलंही आहे. पण एक वही हाती आली आणि हा लेख वेगळा लिहावा लागला.

वही भिशीची आहे. पाठपुठ्ठा गेलेला, कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण शाई अजून वाचता येते. पहिल्या पानांवर देणगीदार आहेत. नावाच्या अलीकडं 'रा. रा.', पलीकडं 'शेट' नाहीतर 'पाटील'. कोणी ज्वारी दिली, कोणी गुळाची ढेप, कोणी रोख. सगळं नीट, वळणदार अक्षरात. शेवटच्या पानांवर मजुरीचा खर्च आहे आणि तिथं नावं नाहीत. 'पाणक्या', 'मशालवाला', 'लाकूडफाटा आणणार', आणि दोन ओळींत तर नुसती जात लिहून पुढं आणे मांडलेत. त्या जाती आम्ही इथं छापत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मग आम्ही जुन्या माउलींना विचारलं, आपल्या दिंडीत पंगत एक होती का हो? पहिल्यांदा सगळ्यांनी 'होय तर' म्हणून सांगितलं. विठ्ठलाच्या दारी कसला भेद, वगैरे. दुसऱ्यांदा विचारल्यावर गप्प बसले. शेवटी नव्वदी गाठलेले एक बाबा म्हणाले, "भजनात एक होतो. पंगतीत तीन. बाया चौथ्या." एवढंच बोलले आणि तंबाखूची डबी शोधायला लागले.

हे आमच्याच दिंडीत होतं असं नाही, म्हणून आम्ही सुटतो असंही नाही. इरावती कर्वे स्वातंत्र्याच्या सुमारास एका दिंडीबरोबर चालत पंढरीला गेल्या होत्या. त्यावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे, चालणं एकत्र, अभंग एकत्र, आणि मुक्कामावर पोचलं की चुली वेगळ्या, जेवणं वेगळी, हे त्यांनी बघितलं आणि त्यांना ते लागलं. महार वारकरी तर त्या पंगतींच्या जवळपासही नव्हता. तो आपल्या वेगळ्या दिंडीतून यायचा आणि वाळवंटात उघड्यावर पडायचा.

आता वारी ही पहिल्यापासून देण्यावर चालत आली आहे, हे कोणाला सांगायला नको. हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबारायांच्या पादुका पालखीत घालून आजचा सोहळा लावून दिला, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी अश्व दिले, तंबू दिला. तो मान आजही आहे, आणि असावा. वाटेवरची गावं भाकरी देतात, पिठलं देतात, कोणी पाय चेपून देतं, कोणी चपला शिवून देतं. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याला घास. यात वावगं काही नाही. पण देणारा देतो तेव्हा आणखीही एक गोष्ट करतो. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला नाही, कोण पहिल्या पंगतीत आणि कोण उष्ट्यावर, हेही तोच ठरवतो. धर्मशाळा ज्यानं बांधली त्याच्याच कमरेला तिची किल्ली असते.

या किल्लीचा विचार ज्यांनी केला त्यांच्याबद्दल लिहावं असं आम्हाला वाटलं. अशी माणसं आपल्याकडं होऊन गेली, आणि त्यातलं सगळ्यात मोठं माणूस आपल्या पंढरीतच, चंद्रभागेच्या वाळूत, हातात खराटा घेऊन उभं होतं.

गाडगेबाबा. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. जात परिटाची. बाप दारूपायी लवकर गेला, आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली. मामाच्या घरी डेबूनं गुरं राखली, नांगर धरला. पुढं मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. निरक्षर कुणब्यानं अंगठा द्यायचा आणि सावकारानं त्या अंगठ्यावर शेत लिहून घ्यायचं, हा त्या काळचा रोजचा व्यवहार. मामा त्या धक्क्यानं गेला. डेबू सावकाराला उलटून उभा राहिला, हे त्यांच्या चरित्रांत आहेच. १ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, हातात काठी किंवा खराटा, आणि डोक्यावर नाहीतर हातात ते मडक्याचं गाडगं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन करायचं.

कीर्तन म्हणजे तरी कसं! आपण फडावर जे शिकतो, पूर्वरंग, उत्तररंग, प्रमाणं, त्यातलं फारसं काही नाही. वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घ्यायचं. देव कुठं राहतो, बकरं कापून तो खूश होतो का, कर्ज काढून लग्न करावं का, पोराला शाळेत घालता का. शाळेवर तर त्यांचा फार जोर. स्वतःला अक्षर येत नव्हतं, म्हणून असेल. आमच्यातल्या एका माउलींच्या आजोबांनी ते कीर्तन वाळवंटात ऐकलं होतं. ते सांगायचे, पहिल्यांदा राग आला, मग हसू आलं, मग रडू आलं, आणि गावाला परत येताना दारू सुटली होती. सगळ्यांची सुटली असं नाही.

बाबा दर वारीला पंढरीत असत. पण देवळात जाऊन पायावर डोकं ठेवण्यापेक्षा ते वाळवंट झाडण्यात दंग असत. लाखो माणसं येऊन गेल्यावर चंद्रभागेची जी अवस्था होते ती आपण सगळे बघतो. ती साफ करायला कोणीतरी हवं असतं आणि ते 'कोणीतरी' नेहमी एकाच जातीचं असतं. बाबांनी खराटा हातात घेतला तो नुसता स्वच्छतेसाठी घेतला असं आम्हाला वाटत नाही. पुढं २००० साली सरकारनं त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, गावोगावी बक्षिसं लागली, चांगलं झालं. पण आपण त्यांचा खराटा तेवढा उचलला आणि दुसरं काम विसरलो. ते दुसरं काम म्हणजे धर्मशाळा.

त्या काळात पंढरपुरात धर्मशाळा नव्हत्या असं नाही. वाडे होते, मठ होते, सावकारांनी आईबापांच्या नावानं बांधलेल्या ओवऱ्या होत्या. पण महार, मांग, चांभार, ढोर यात्रेकरूला त्यातल्या कशातच उभं करत नसत. आषाढीत पाऊस कोसळतोय, नदीला पाणी आलंय, आणि ही माणसं बायकापोरांसह वाळूत. मंदिरात तर शिरायचंच नाही. चोखोबांची समाधी जिथं आहे तिथवर, नामदेव पायरीच्या समोर, बाहेर. मंगळवेढ्याला कुसाचं काम करताना भिंत पडून चोखोबा गेले, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी बांधली, ही कथा आपण दर कीर्तनात सांगतो. सांगताना डोळ्यात पाणी येतं. पण समाधी दाराबाहेर आणि चोखोबांची माणसंही दाराबाहेर, याला पुढं सहाशे वर्षं जाऊ दिली, हे आपण सांगत नाही.

१९१७ ते २० च्या सुमारास बाबांनी पंढरपुरात या लोकांसाठी धर्मशाळा उभी केली आणि तिला नाव दिलं चोखामेळा धर्मशाळा. स्वतःचं नाव नाही, पैसे देणाऱ्याचं नाव नाही. चोखोबांचं. ज्याला आत घेतलं नव्हतं त्याच्या नावानं घर, आणि त्या घरात त्याच्या लोकांनी हक्कानं राहायचं.

इथं एक अडचण आहे आणि ती टाळून पुढं गेलो तर लबाडी होईल. बाबांनी पंढरपुरात मराठा धर्मशाळाही बांधली, परीट धर्मशाळाही बांधली. जात मोडा म्हणून कंठ फुटेपर्यंत सांगणारा माणूस जातीच्या नावानं घरं का बांधतो? या प्रश्नावर आमच्यात बराच वाद झाला. एकाचं म्हणणं, पैसे ज्या समाजाकडून आले त्या समाजाचं नाव लागलं, त्यात बाबांचा इलाज नव्हता. दुसऱ्याचं म्हणणं, सगळ्यांसाठी एकच धर्मशाळा काढली असती तर तिचा ताबा थोड्याच वर्षांत वरच्यांकडं गेला असता आणि महार परत वाळूत आले असते. आम्हाला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं. सगळ्यांसाठी म्हणून उघडलेल्या कितीतरी विहिरी आणि देवळं नंतर कोणासाठी राहिली ते आपण बघितलं आहे. ज्याला कुठंच जागा नाही त्याला आधी त्याची स्वतःची जागा, मग एकत्र बसायचं बोलू. हा हिशेब साधा आहे, पण तो पोथीतून नाही, उपाशी झोपल्यावर सुचतो.

नाशिकला, आळंदीला, मूर्तिजापूरला, मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ, अशा बाबांच्या धर्मशाळा होत गेल्या. अन्नछत्रं झाली, शाळा-वसतिगृहांना मदत झाली. दरेक ठिकाणी रीत एकच. इमारत उभी राहिली की विश्वस्तांच्या ताब्यात द्यायची आणि आपण चालू लागायचं. स्वतःसाठी एक खोलीसुद्धा राखून ठेवली नाही, बायकोपोरांचा हक्क ठेवला नाही. मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी चेला नाही, हे ते सारखं बजावत, म्हणजे पुढं गादीचा प्रश्नच उद्भवू नये. आमचा एक अंदाज आहे. ज्याच्या मामाची जमीन कागदावरच्या अंगठ्यानं गेली, त्या निरक्षर माणसाला कागदाची ताकद बरोबर कळलेली होती. शिकलेल्या कितीतरी महाराजांना ती कळली नाही, किंवा फारच चांगली कळली. मठ-मंदिरांच्या वारसाचे खटले कोर्टात पिढ्यानपिढ्या चालतात ते काही उगीच नाही. १९५२ च्या फेब्रुवारीत बाबांच्या नावानं मिशन स्थापन झालं, ते या सगळ्या संस्था एका शिस्तीत राहाव्यात म्हणून.

पण ज्यासाठी आम्ही हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट १९४९ ची आहे.

त्या वर्षी बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. ही सोसायटी बाबासाहेबांनी १९४५ मध्ये काढली होती आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं होतं. १९४९ मध्ये बाबासाहेब देशाचे कायदेमंत्री, घटनेचं काम शेवटाला आलेलं. गाडगेबाबा मुंबईत आजारी होते, बाबासाहेब त्यांना भेटायला गेले, येताना दोन घोंगड्या आणल्या, आणि कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या ठेवून घेतल्या, असं सांगतात. एक परदेशात शिकून आलेला विद्वान, दुसरा सही करता न येणारा. दोघांचं एकमेकांवाचून अडत नव्हतं, तरी दोघं एकमेकांना मानत.

आता ही घटना नीट बघा, माउली. धर्मशाळा म्हणजे यात्रेकरूंसाठी. बाबासाहेबांचा वारीवर विश्वास राहिलेला नव्हता. येवल्याला १९३५ मध्येच त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर करून टाकलेलं होतं. तीर्थयात्रेनं आपल्या माणसांचं काही भलं होत नाही, असं त्यांचं उघड मत. चोखोबांबद्दल मात्र आदर होता. आदल्याच वर्षी, १९४८ मध्ये, अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला, तो त्यांनी तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, नंदनार, रविदास आणि चोखामेळा. तर अशा माणसाच्या हाती गाडगेबाबांनी पंढरीतली धर्मशाळा सोपवली. म्हणजे तिथं पुढं टाळ वाजतील की पाढे म्हटले जातील हे ज्यानं ठरवायचं, तो वारकरी नाही हे ठाऊक असून दिली. ती इमारत मुलांच्या शिक्षणाकडे, वसतिगृहाकडे गेली.

दान देणारे पुष्कळ असतात. पण 'तुम्ही हे असंच वापरा' ही अट न घालता देणारे फार थोडे. ज्याच्यासाठी दिलं त्याच्याच हाती सगळं सोपवून, तू तुझ्या अकलेनं चालव, मला पटो न पटो, असं म्हणणारा तर आम्हाला इतिहासात शोधावा लागला. देणगीच्या पाटीवर नाव कोरून घ्यायला पैसा लागतो. किल्ली सोडायला त्याहून जास्त काहीतरी लागतं.

ही वाट बाबांनी एकट्यानं पाडली नाही. त्यांच्या आधी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी ती दाखवली होती. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला बळ दिलं, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. इथंही तोच जातवार प्रश्न आणि तेच उत्तर. पण महाराज वसतिगृहावर थांबले नाहीत. २६ जुलै १९०२ च्या हुकुमानं मागासलेल्या वर्गांना नोकरीत निम्म्या जागा दिल्या. हे दान नव्हे, तो कायदा. दान राजाच्या मनावर असतं, मन फिरलं की संपतं. हुकूम कागदावर असतो.

गंगाराम कांबळे यांची गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून या माणसाला बेदम मारलं. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केलीच, पण गंगारामला दान म्हणून चार पैसे देऊन वाटेला लावलं नाही. त्याला हॉटेल घालून दिलं. आणि मग स्वतः गाडी तिथं थांबवून, सगळ्यांच्या देखत, त्याच्या हातचा चहा प्यायले, बरोबरच्यांनाही प्यायला लावला. राजाला चहा काय राजवाड्यात मिळत नव्हता? पण दुकानाचा मालक गंगाराम होता, आणि गिऱ्हाईक राजा. देणारा-घेणारा यांची जागाच उलटी केली. १९२० मध्ये 'मूकनायक' पत्रासाठी महाराजांनी बाबासाहेबांना अडीच हजार रुपये दिले, आणि त्याच वर्षीच्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत जमलेल्या अस्पृश्य समाजाला सांगितलं की तुमचा पुढारी तुम्हाला तुमच्यातूनच मिळाला आहे. एरवी मदत करणारा राजा स्वतःलाच पुढारी समजतो.

साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटील. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह निघालं. सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, एकत्र रांधायची, एकत्र जेवायची. १९२७ मध्ये गांधीजी आले ते ही पंगत बघून गेले, आणि वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव त्यांच्याच हस्ते लागलं. आम्हाला मात्र भाऊरावांपेक्षा त्यांच्या पत्नीबद्दल दोन शब्द जास्त लिहावेसे वाटतात. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. त्यांच्या घरात हर जातीची पोरं आली, आणि बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्या काळच्या बाईनं नवरा जिवंत असताना मंगळसूत्र मोडायला देणं म्हणजे काय, हे आमच्या दिंडीतल्या बाया सांगू शकतील, आम्ही पुरुष काय सांगणार. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्थेच्या इमारती त्यांनी पाहिल्या नाहीत.

रयतसाठी गावोगाव घरटी मूठभर धान्य गोळा व्हायचं. मुष्टिफंड म्हणायचे त्याला. हा प्रकार आम्हाला वारकऱ्याच्या जवळचा वाटतो. कारण मूठभर देणारा कधी मालक होत नाही आणि मूठभर घेणाऱ्याची मान खाली जात नाही. गाडगेबाबा आणि भाऊराव यांचं फार जवळचं. रयतनं १९५४ मध्ये कऱ्हाडला कॉलेज काढलं त्याला गाडगे महाराजांचंच नाव दिलं. अक्षर न येणाऱ्या माणसाच्या नावाचं कॉलेज!

परत पंढरपूरला येऊ. १९४७ च्या मे महिन्याची १ तारीख ते १० तारीख, हे दहा दिवस आपल्या संप्रदायानं विसरू नयेत. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना उघडं व्हावं म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. त्याआधी ते महाराष्ट्रभर हिंडून आले होते, गावोगावची देवळं आणि विहिरी उघडायला लावून. पंढरीत त्यांना बसायला जागा देताना पुष्कळांचे हात आखडले. जागा दिली ती तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. आपल्या संप्रदायाची लाज कोणी राखली असेल तर या एका मठानं राखली, असं आम्ही म्हणतो. मंदिर उघडलं. उघडण्याच्या आधी काही जणांनी मूर्तीतलं तेज मंत्र म्हणून घागरीत काढून घेतलं, म्हणजे आत जाणाऱ्यांना नुसता दगड मिळावा, अशी हकीगत सांगतात. हसावं की रडावं कळत नाही. घागरीत मावला तो कोणता विठ्ठल, आमच्या आजोबांना तरी तो ठाऊक नव्हता.

यात एक गोष्ट आमच्या लक्षात उशिरा आली. चोखामेळा धर्मशाळा झाली १९२० च्या सुमारास, मंदिर उघडलं १९४७ ला. म्हणजे पंचवीसहून अधिक वर्षं चोखोबांच्या माणसांना पंढरीत राहायला घर होतं, पण दर्शनाला दार नव्हतं. बाबांनी दाराची वाट पाहत बसण्यापेक्षा घर आधी बांधलं. गुरुजींनी दार उघडलं. आणि १९४९ ला घर ज्यांचं होतं त्यांच्या ताब्यात गेलं. या तीन पायऱ्या आहेत, आणि कोणतीही एक गाळली तर बाकीच्या दोन लंगड्या पडतात, असं आमचं मत आहे. चौथी पायरी फार पुढची. बडव्या-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क जाऊन मंदिर पूर्णपणे समितीकडं यायला २०१४ चा जानेवारी उजाडला, सुप्रीम कोर्टाचा निकाल व्हावा लागला.

बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. गाडगेबाबा त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर.

आता आमच्या दिंडीचं. शताब्दी निधी जमतोय आणि त्यातून पंढरपुरात दिंडीची स्वतःची धर्मशाळा बांधायची आहे हे सगळ्या माउलींना माहीत आहे. जागेचं बोलणं चालू आहे. बैठकीत ज्या सूचना आल्या त्या इतिहासाचा भाग म्हणून इथं नोंदवून ठेवतो. पहिली अशी की अमुक रकमेवर देणाऱ्याचं नाव संगमरवरी पाटीवर, त्याहून मोठ्या रकमेवर खोलीला नाव. दुसरी अशी की ज्यांनी खोली दिली त्यांच्या घरच्यांसाठी आषाढी-कार्तिकीला ती राखून ठेवावी. तिसरी अशी की दिंडी ज्या घराण्यांनी शंभर वर्षं चालवली त्यांच्यातूनच विश्वस्त असावेत, पुढंही.

या सूचना करणारी माणसं वाईट नाहीत. त्यातल्या कित्येकांच्या वाडवडिलांच्या गुळावर आणि ज्वारीवर दिंडी तगली, ते वहीत लिहिलेलं आहे. पण आम्ही हात वर करून विरोध नोंदवला. आषाढीला, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, खोली बंद ठेवायची असेल तर तिला धर्मशाळा म्हणू नये, बंगला म्हणावं. विश्वस्तांत निम्म्या बाया असाव्यात, कारण दिंडीत चालणाऱ्यांत त्या निम्म्याहून जास्त आहेत आणि आजवर एकीच्याही हाती भिशीची वही आलेली नाही. आणि ज्यांची नावं वहीच्या शेवटच्या पानांवर लिहिलीच गेली नाहीत, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांपैकी कोणीतरी विश्वस्त म्हणून बसावं. यावर एक जण म्हणाले, "इतिहास लिहायला सांगितलाय, घटना नाही." हशा पिकला. आम्हीही हसलो. विषय कार्तिकीनंतरच्या बैठकीवर गेला आहे, मसुदा अजून कच्चा आहे.

यंदाच्या वारीत पाऊस चांगला झाला. वाटेवर वाटप करणाऱ्यांचीही गर्दी होती. रेनकोट, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. दर वस्तूवर देणाऱ्याची छापील खूण आणि देताना फोटो. एका म्हाताऱ्या माउलींना केळं देऊन ते परत घेतलं आणि फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा दिलं. त्या काही बोलल्या नाहीत. केळं पदरात टाकलं आणि चालू लागल्या.

वहीच्या शेवटच्या पानांवर नावाशिवाय असलेल्या ओळी आम्ही मोजल्या. मग गावात हिंडून विचारलं. मशालवाल्याचं घर सापडलं. त्यांची पणती आमच्याच दिंडीत तुळस घेऊन चालते, तिला पणजोबा दिंडीत होते एवढंच ठाऊक होतं, नाव तिच्या आत्यानं सांगितलं. पाणक्याचंही नाव कळलं. ही दोन्ही नावं शताब्दीच्या मानकऱ्यांच्या यादीत, देणगीदारांच्या आधी, 'रा. रा.' लावून छापली आहेत. बाकीच्या ओळींपुढं यादीत जागा मोकळी सोडली आहे. कोणाच्या घरी काही आठवण असेल, कागद असेल, तर दिंडीच्या कार्यालयात आणून द्यावा. दुसरी आवृत्ती माघ वारीच्या आधी काढायची आहे.